चौकटीच्या मागावर टॅपेस्ट्री: कापड कमरेत आवळू नये म्हणून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

खाली १९ सें.मी., वर १५. पहिल्यांदा टॅपेस्ट्री विणणाऱ्यांचा तुकडा बहुतेक वेळा असाच उतरतो. मग दोष काठावर येतो आणि काठ ओढून धरायचे नाना उपाय सुरू होतात. काठ बिचारा शेवटी आवळतो. खरी चूक त्याच्या बरीच आधी झालेली असते: ताणा (चौकटीवर ताणून लावलेले उभे धागे) असमान लागलेला असतो, बाणा (त्यांतून आडवा विणायचा धागा) जाड निवडलेला असतो, किंवा बाणा फटीतून, म्हणजे एकाआड एक ताणे उचलल्यावर उघडणाऱ्या जागेतून, सरळ ओढून घेतलेला असतो. म्हणून या लेखात विणण्याइतकीच जागा तयारीला दिली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. सहावा टप्पा गाळून सातव्याला हात घातला, तर सातवा उसवावा लागतो.

टॅपेस्ट्री साध्या कापडापेक्षा दोन बाबतींत वेगळी. बाणा इतका दाबून बसवतात की ताणा दिसतच नाही. शिवाय बाणा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंग आपल्या जागेपुरता जातो आणि मागे फिरतो. पैठणीच्या पदरावरचा मोर असाच विणला जातो, प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. तिथे रेशीम असतं, इथे लोकर.

दोन शब्द ठरवून घेऊ. बाणा डावीकडून उजवीकडे गेला की एक ओळ. गेला आणि परत आला की एक फेरी.

१. साहित्य

पहिला तुकडा साधारण १९ सें.मी. रुंद आणि २५ सें.मी. उंच ठेवा. याहून लहान तुकड्यात चुका दिसत नाहीत, मोठ्यात त्या दुरुस्त करायचा धीर राहत नाही.

ताण्यासाठी: घट्ट पिळाची, सुमारे १.५ मि.मी. जाडीची सुती दोरी, २५ मीटर. हातात धरून ओढल्यावर लांबते ती दोरी नको. नायलॉन नको. मॅक्रमेसाठी मिळणारी एकपदरी मऊ दोरीही नको. ती ताणाखाली सुटते आणि बाणा ठोकताना घासून तिची पिसं निघतात.

बाण्यासाठी: लोकर, तीन रंगांत मिळून २०० ग्रॅम. थोडी उरेल. दुकानात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात त्यांतले बरेच ॲक्रिलिक असतात. एक धागा जाळून पाहा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते; ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. सरावाला ॲक्रिलिक चालेल, पण ते लवचिक आणि गुळगुळीत असल्याने दाबून बसत नाही, पुन्हा फुगतं. दख्खनी मेंढीची हातकताई लोकर, म्हणजे घोंगडीची, बाण्याला उत्तम. खरखरीत असल्यामुळे ओळ एकदा बसली की हलत नाही. ती ताण्याला मात्र लावू नका. घोंगडी विणणारे ताण्याला चिंचोक्याची खळ देतात ती उगाच नाही. खळीविना तो धागा घासून फुलतो.

याशिवाय: ठोकायला जेवणाचा जड काटा (दरी विणणाऱ्यांचा पंजा मिळाला तर फारच छान), बोथट टोकाचं दाभण, ३ सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. लांब लाकडी पट्टी, तेवढाच लांब गोल दांडा, जाड पुठ्ठा, मोजपट्टी आणि पाण्याने न फुटणारं पेन.

२. चौकट

लाकूड ४ × २.५ सें.मी. जाडीचं. आतून रुंदी किमान ३० सें.मी., आणि वरच्या-खालच्या खिळ्यांतलं अंतर ५० सें.मी. कोपरे नुसत्या खिळ्यांवर सोडू नका. मागून प्लायवूडचे त्रिकोण स्क्रूने बसवा.

कॅनव्हासची तयार चौकट स्वस्त मिळते आणि इथेच फसवते. एका ताण्यावर अर्धा किलो ताण धरला, तरी ३९ ताण्यांचे मिळून जवळजवळ २० किलो होतात. पातळ चौकट मधोमध आत वाकते, मग मधले ताणे सैल आणि काठाचे घट्ट.

वरच्या आणि खालच्या दांडीवर २५ मि.मी.चे, बिनडोक्याचे २०-२० खिळे, १ सें.मी. अंतराने. सगळे एकाच रेषेत ठोकले तर लाकूड चिरतं. एक वर, एक किंचित खाली अशा दोन रेषांत ठोका. निम्मा खिळा बाहेर राहू द्या आणि तो विणकामापासून उलट दिशेला जरासा कलता ठेवा, म्हणजे दोरी निसटत नाही.

तपासणी: दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मि.मी.पेक्षा जास्त असेल तर चौकट आत्ताच सरळ करा.

३. ताणा लावणे

खालच्या पहिल्या खिळ्याला दोरी निरगाठीने बांधा. वरच्या पहिल्या खिळ्याला वेढा, खाली दुसऱ्याला, वर दुसऱ्याला, असं नागमोडी जात वरच्या विसाव्या खिळ्याशी थांबा. मोजा: ३९ ताणे यायला हवेत. १ सें.मी.त दोन ताणे बसतात, आणि नवशिक्याला हीच घनता योग्य. दाट ताण्यावर बारकावे छान येतात, पण चार दिवस विणून दोन बोटं उंची वाढते.

या फेरीत दोरी फक्त सैल राहणार नाही एवढीच ओढा. पूर्ण लावून झाल्यावर पहिल्या ताण्यापासून सुरुवात करून सैलपणा एकेक ताण्यातून पुढे सरकवत शेवटापर्यंत न्या, मग सुरगाठीने बांधा. सुरगाठ अशासाठी की हे काम आणखी एकदा तरी करावं लागतं. दोरी रात्रभरात थोडी बसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढून मगच पुढे जा.

तपासणी: चौकटीच्या मधोमध प्रत्येक ताणा एका बोटाने हलकेच दाबा. १ सें.मी.पेक्षा जास्त दबला तर सैल. सगळ्यांवरून बोट फिरवल्यावर आवाज साधारण एकच यायला हवा. एखादा बद्द वाजला तर तोच पुढे घोटाळा करणार. तिथे चुकून दोन ओळी जास्त बसतात आणि कापडात टेंगूळ येतं.

सावधान: दोरी कमी पडली तर गाठ खिळ्यापाशीच मारा. विणायच्या भागात गाठ आली की तिच्यावरून बाणा खाली सरकत नाही.

४. पाया

खिळ्यांपाशी ताणे दोन-दोनांच्या जोडीत जवळ आलेले दिसतील. वेढा खिळ्याभोवती असल्याने तसं होणारच. ते समान अंतरावर आणायचं काम या टप्प्याचं.

पुठ्ठ्याच्या ४ सें.मी. रुंद दोन पट्ट्या कापा. पहिली ताण्यांतून एकावरून-एकाखालून घालून खिळ्यांपर्यंत खाली सरकवा. दुसरी तिच्या उलट, म्हणजे पहिली जिथे वरून गेली तिथे ही खालून. खालची ही आठ-दहा सें.मी. जागा वाया जाते असं वाटून अनेक जण खिळ्याला चिकटूनच विणायला सुरुवात करतात. शेवटी ताणे कापून गाठी मारायच्या तेव्हा बोटात धरायलाही दोरी उरत नाही.

आता वळाची ओळ. ताण्याचीच दोरी साधारण एक मीटर घ्या, दुमडा, आणि दुमड पहिल्या ताण्याला अडकवा. एक पदर ताण्याच्या पुढून, दुसरा मागून. दोन ताण्यांमधल्या जागेत पदरांना अर्धा पीळ द्या. पुढच्या ताण्याला पुढचा पदर मागे, मागचा पुढे. शेवटपर्यंत असंच. अशा दोन ओळी घाला आणि बोटांनी ताणे सरकवत अंतर ५ मि.मी. करा. दोन्ही बाजूंना टोकं चौकटीच्या उभ्या दांड्यांना बांधा. ती रुंदी धरून ठेवतात.

तपासणी: पहिल्या ताण्यापासून शेवटच्यापर्यंत १९ सें.मी. हा आकडा चौकटीवर पेनाने लिहून ठेवा. पुढे दर ३ सें.मी.ला त्याच्याशी गाठ आहे.

५. फट

दाभणाने एकेक ताणा उचलत विणता येतं, पण हात कंटाळला की बाणा ओढला जातो. अर्धा तास खर्चून दोन फटी तयार करा.

पहिली फट पट्टीची. लाकडी पट्टी विषम ताण्यांच्या (१, ३, ५…) खालून आणि सम ताण्यांच्या वरून घाला. ती उभी केली की विषम ताणे वर उचलले जातात. ही पट्टी मागावरच राहते.

दुसरी फट दोऱ्याच्या फासांची. सम ताणे १९. तेवढे फास हवेत. दोन खिळे १० सें.मी. अंतरावर ठोकून त्यांच्याभोवती दोरा बांधत सगळे फास एकाच मापाचे करा. पट्टीच्या अलीकडे, म्हणजे तुमच्या बाजूला, प्रत्येक सम ताण्याखालून फास घाला आणि दोन्ही टोकं वर आणून गोल दांड्यात ओवा. दांडा ओढला की सम ताणे वर. दांड्यावर फासांच्या वरून चिकटपट्टी लावा, नाहीतर ते सरकतात.

सावधान: दांडा ओढताना पट्टी आडवी आणि वरच्या टोकाला सरकवलेली असली पाहिजे. ती उभीच राहिली तर फट उघडत नाही, आणि जोर लावला की फास तुटतात. फास लहान-मोठे झाले तर काही ताणे अर्धवट उचलले जातात आणि बाणा त्यांच्या चुकीच्या बाजूने जातो. असा चुकलेला धागा लगेच दिसत नाही, चार ओळींनंतर दिसतो.

६. बाण्याची जाडी

दोन ताण्यांमधल्या मोकळ्या जागेत बाणा उभा धरा. दोन्ही बाजूंना टेकला पण ताण्यांना ढकललं नाही, तर जाडी बरोबर. बाजारातल्या मध्यम लोकरीचे दोन किंवा तीन पदर एकत्र घेतले की साधारण ती येते. पदर एकत्र घ्या पण पीळ देऊ नका. सैल पदर चपटे होऊन ताणा झाकतात, पिळलेले गोल राहतात आणि मधून पांढरे ठिपके डोकावतात. सैल पदरांचा आणखी एक फायदा: दोन पदर निळे आणि एक हिरवा घेतला की तिसरा रंग फुकटात मिळतो.

पदर अंगठा आणि करंगळी यांच्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखे गुंडाळा, शेवटचं टोक त्या आठच्या कमरेला दोन वेढे देऊन अडकवा. हे ‘फुलपाखरू’ ओढलं की आतून धागा सुटत जातो. तीन मीटरपेक्षा लांब धागा गुंडाळू नका. मोठं फुलपाखरू फटीत अडतं, मग फट मोठी करायला दांडा जास्त ओढला जातो आणि फास सुटतात.

७. पहिले दोन सें.मी.: कमानीचा सराव

हा भाग नंतर मागे दुमडला जाणार आहे, म्हणून इथे चुका करून घ्या. एकच रंग, काठापासून काठापर्यंत.

बाण्याला किती जागा लागते ते आधी समजून घ्या. ताणा सरळ राहतो, बाणा त्याच्या वरखाली वळत जातो. त्यामुळे १९ सें.मी. रुंदीला साधारण २३ ते २४ सें.मी. बाणा लागतो. हे जास्तीचे चार-पाच सें.मी. तुम्ही दिले नाहीत, तर बाणा ते काठांकडून घेतो. कमरेत आवळण्याचं सगळं गणित एवढंच आहे.

क्रम असा:

१. फट उघडा. मागची ओळ जिथे संपली तिथून बाणा घाला, पण विणलेल्या भागाला समांतर ओढू नका. तिरका वर न्या आणि मधोमध टेकडीसारखी कमान करा. कमानीची उंची रुंदीच्या पाव भाग, १९ सें.मी.ला जवळजवळ ५ सें.मी., १० सें.मी.च्या भागाला अडीच.

२. वळणाऱ्या काठाकडे पाहा. बाणा काठाच्या ताण्याला नुसता टेकलेला हवा. फास बाहेर लोंबत असेल तर थोडा ओढा. ताणा आत वाकला असेल तर सैल करा. हे ठोकण्याआधी. ठोकल्यावर काठ दुरुस्त होत नाही.

३. बोटाने कमानीचा मध्य खाली दाबा, मग दोन्ही बाजूंचे मध्य. एका कमानीच्या चार लहान लाटा होतील.

४. आता फट बंद करा आणि काट्याने ठोका. मधून बाहेर, हलके पण दोनदा. एकदाच जोरात ठोकलेली ओळ फट उघडताच वर येते.

कमान द्यायची म्हणून काही जण ती इतकी मोठी देतात की बाण्याचे फुगे कापडाच्या पुढे येतात आणि काठ झालरीसारखे लाटा मारतात. फुगा दिसला तर कमान कमी करा. बहुतेकांचा हात तिसऱ्या-चौथ्या सें.मी.ला बसतो.

धागा संपला किंवा नवा सुरू केला तर टोक ४ सें.मी. ठेवून मागच्या बाजूला काढा, तेही काठापासून तीन-चार ताणे आत. काठावर टोक सोडलं तर काठ सुटतो. दोन धागे गाठीने जोडू नका. जुना संपतो त्याच जागेतून नवा त्याच फटीत सुरू करा.

तपासणी: दोन सें.मी. झाले की रुंदी मोजा. १८.५च्या खाली असेल तर उसवा. कमी झालेली रुंदी पुढे सैल विणून भरून निघत नाही. वर कापड रुंद होतं आणि मध्ये कंबर तशीच राहते. आणखी एक पाहा: १ सें.मी. उंचीत किती ओळी बसल्या ते मोजून लिहून ठेवा. तिरप्या रेषा काढताना हा आकडा लागेल.

८. चित्र ताण्यावर उतरवणे

चित्र निवडतानाच एक प्रश्न विचारा: यात उभ्या सरळ रेषा किती? टॅपेस्ट्रीत आडवी रेषा फुकट मिळते, तिरपी सोपी असते आणि उभी महाग पडते, कारण दोन रंगांच्या उभ्या सीमेवर कापड फाटल्यासारखी चीर राहते. माडांची रांग विणायची असेल तर चित्र आडवं करून विणा आणि भिंतीवर लावताना फिरवा. युरोपातल्या मोठ्या जुन्या टॅपेस्ट्र्या बहुधा अशाच आडव्या विणलेल्या आहेत.

पहिल्या चित्रात डोंगर ठेवा. सूर्य सगळ्यांनाच हवा असतो. पण गोल हा या कामातला सगळ्यात हट्टी आकार आहे, तो दुसऱ्या तुकड्याला ठेवलेला बरा.

कागदावर खऱ्या मापात फक्त बाह्यरेषा काढा, कागद ताण्यामागे धरा आणि रेषा जिथे ताण्याला छेदते तिथे पेनाने खूण करा. खूण ताण्याच्या चारही बाजूंनी फिरवा. एकाच बाजूला केली तर दोरी फिरते आणि खूण नाहीशी होते. पेन आधी दोरीच्या तुकड्यावर वापरून, ओला करून पाहा. फुटणारी शाई फिक्या लोकरीतून वर येते.

९. दोन रंग शेजारी

सर्वांत जास्त विणकाम उसवलं जातं ते या टप्प्यावर. नियम एकच: एकाच फटीत शेजारचे दोन बाणे नेहमी उलट दिशांना चालतात. एक ओळ दोघं एकमेकांकडे येतात, पुढची ओळ एकमेकांपासून दूर जातात.

असं का? दोघं समोरासमोर येत असतील तर कुठे भेटायचं ते दर फेरीला ठरवता येतं, सीमा डावीकडे-उजवीकडे हवी तशी सरकवता येते. दोघं एकाच दिशेने चालले आणि सीमा सरकवली, की एकाला मागच्या बाजूने उडी मारावी लागते किंवा तो चुकीच्या फटीत पडतो. मग त्या जागी सलग दोन ओळी ताण्याच्या एकाच बाजूने जातात आणि ताणा उघडा पडतो.

तीन रंग असतील तर दिशा अशा: पहिला उजवीकडे, दुसरा डावीकडे, तिसरा उजवीकडे. एकाच रंगाच्या पार्श्वभूमीत मधोमध नवा आकार सुरू होतो तेव्हा पार्श्वभूमीचे डावा आणि उजवा असे दोन भाग पडतात. म्हणजे नवी फुलपाखरं दोन लागतात: एक आकाराचं, एक उजव्या भागाचं. एकच घेतलं तर दिशा जुळत नाहीत. दिशा आधीच चुकली असेल तर उसवत बसू नका. त्यांतला एक बाणा कापा, टोक मागे टाका आणि तो भाग दुसऱ्या बाजूने सुरू करा.

सीमेवर काय करायचं याचे तीन पर्याय आहेत.

चीर सोडणे: प्रत्येक रंग आपल्या शेवटच्या ताण्याला वळसा घालून परत फिरतो. रेषा सर्वांत स्वच्छ येते. उंची दीड-दोन सें.मी.पर्यंत असेल तर हेच करा. जास्त असेल तर नंतर मागून शिवा.

एकच ताणा वाटून घेणे: दोन्ही रंग एकाच ताण्याला आळीपाळीने वळतात. चीर राहत नाही, पण त्या ताण्यावर दुप्पट वळसे साठतात आणि दोन-तीन सें.मी.नंतर तिथे उंचवटा येतो. लांब उभ्या रेषेला हा पर्याय वापरू नका.

कडी घालणे: दोन ताण्यांच्या मधल्या जागेत दोन्ही बाणे एकमेकांत अडकून परत फिरतात. पैठणीचा कडियाल काठ याच तत्त्वावर, काठाचा आणि अंगाचा बाणा असाच एकमेकांत गुंततो. लांब उभ्या सीमेला सर्वांत भक्कम. कडी बरोबर मधोमध बसली पाहिजे. एक बाणा जास्त ओढला तर सीमा त्या बाजूला झुकते. दोघांना सैल सोडून मग बोटाने जागेवर आणा.

सावधान: अरुंद भागातही कमान लागतेच, फक्त लहान. पाच ताण्यांच्या पट्टीत ‘एवढ्याशाला काय कमान’ म्हणून बाणा सरळ ओढला जातो, आणि शेजारच्या चिरा डोळ्यासारख्या उघडतात.

१०. तिरपी रेषा आणि आकारांचा क्रम

तिरपी रेषा म्हणजे जिना. ठरावीक ओळींनंतर सीमा एका ताण्याने सरकवायची. ताण्यांचं अंतर ५ मि.मी. आहे; तुमच्या १ सें.मी.त आठ ओळी बसत असतील तर दर चार ओळींना एक ताणा सरकल्यावर ४५ अंश येतात. दर दोन ओळींना सरकवलं तर उतार पसरट, सहाला सरकवलं तर कडा. ओळींची संख्या सम ठेवा. विषम ठेवली तर बाणा आकाराच्या चुकीच्या टोकाला अडकून राहतो.

कुठला आकार आधी? बाणा खाली बसण्यासाठी त्याच्याखाली काहीतरी असावं लागतं. वर निमुळता होत जाणारा आकार, जसा डोंगर, आधी विणता येतो. त्याच्या उतारावर आकाश नंतर भरता येतं. वर रुंद होत जाणारा आकार आधी विणता येत नाही. डोंगराच्या शेजारचं आकाश आधी वर नेलं, तर डोंगराकडे झुकलेल्या त्याच्या कडेखाली ताणे बंद होतात आणि डोंगराचा बाणा तिथे ठोकताच येत नाही. शंका आली तर विटांचा विचार करा: खाली आधार नसलेली वीट आधी रचता येत नाही.

गोल करायचाच असेल तर खालच्या अर्ध्यात पार्श्वभूमी आधी विणून वाटी तयार करा आणि ती गोलाच्या रंगाने भरा. वरच्या अर्ध्यात उलट: गोल आधी, पार्श्वभूमी नंतर. पायऱ्या तळाशी रुंद (एका फेरीला तीन-चार ताणे), मध्यावर उभ्या, वर पुन्हा रुंद. वरच्या ओळी ठोकताना खालच्या आणखी दबतात, त्यामुळे गोल अंडाकृती आडवा होतो. खूण करतानाच तो किंचित उंच काढा.

एक भाग दुसऱ्यापेक्षा तीन-चार सें.मी.हून जास्त पुढे नेऊ नका. पुढे गेलेल्या भागातले ताणे ओढले जातात, मागे राहिलेल्यांतले सैल पडतात. फास ओढायलाही मग अडचण होते.

दोन रंग एका आड एक ओळीने विणले की उभ्या बारीक रेघा उठतात. प्रत्येकी दोन ओळी विणल्या की नागमोडी आडव्या. सावली दाखवायला दोन्ही छान. पहिल्या प्रकारात काठावर एका रंगाला ताण्याभोवती एक जादा वेढा द्यावा लागतो, नाहीतर काठाचा ताणा उघडा राहतो.

तपासणी, दर ३ सें.मी.ला: रुंदी, दोन्ही काठांची उंची सारखी आहे का, ताण्याचे पांढरे ठिपके कुठे दिसतात का, आणि ताण्यांचा ताण, विशेषतः पावसाळ्यात किंवा आठवडाभर काम बंद असेल तर. एक काठ उंच झाला असेल तर सखल बाजूला पाच-सहा ताण्यांपुरत्या दोन जादा ओळी घालून पातळी आणा. आठ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर हा उपाय पुरत नाही; उसवा.

वर पोचताना फट लहान होत जाते. शेवटचे चार-पाच सें.मी. पट्टी आणि फास काढून दाभणाने विणावे लागतात. घाई इथेच होते आणि रुंदीही इथेच जाते. ती दर सें.मी.ला मोजा.

११. मागावरून उतरवणे

वर खालच्यासारखेच दोन सें.मी. एका रंगाचे आणि त्यावर वळाच्या दोन ओळी. मग ताणे कापा, पण सगळे एकदम नाही. चार ताणे कापा, दोन-दोनांची निरगाठ वळाच्या ओळीला टेकवून मारा, मग पुढचे चार. शेवटच्या गाठीत तीन ताणे येतील. वरचं टोक पूर्ण झाल्यावर खालचं. गाठ मारताना ताणा ओढू नका. ओढला तर त्या जागी कापडाला चुणी पडते आणि ती इस्त्रीने जात नाही.

तुकडा एक दिवस सपाट पसरून ठेवा. ताण सुटल्यावर तो उंचीला थोडा आखडतो. मग मागच्या चिरा त्याच रंगाच्या बारीक दोऱ्याने शिवा, टाके समोर न दिसता. मागची टोकं २ सें.मी. ठेवून कापा, बुंध्याशी कापली तर पुढून धागा निसटतो.

जाड टॉवेलवर तुकडा उलटा ठेवून १९ सें.मी. रुंदीला टाचण्या मारा. वर ओलं सुती कापड, त्यावर इस्त्री फक्त टेकवायची, फिरवायची नाही. लोकर रंगीत असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात दाबून रंग सुटतो का ते पाहा. पूर्ण वाळल्याशिवाय टाचण्या काढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये याला दोन दिवसही लागतात.

दोन्ही टोकांचे २ सें.मी. मागे दुमडून शिवा. वरच्या दुमडीच्या मागे सुती कापडाची नळी शिवून त्यात काठी घाला. नळी तुकड्याच्या मधोमध नुसती टाचली तर कोपरे पुढे वळतात, म्हणून ती काठापासून काठापर्यंत शिवा. ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका. दोन-तीन महिन्यांनी उतरवून, मागची बाजू ब्रशने झटकून थोडा वेळ उन्हात ठेवा. कसर मागच्या टोकांपासून सुरू होते आणि पुढून दिसेपर्यंत ताणा उघडा पडलेला असतो.